पुलावरचे रामराव

लातूरच्या त्या दोन खोल्यांत सगळ्यात जास्त जागा पाण्यानं अडवलेली होती. निळे ड्रम, स्टीलचं पिंप, दोन घागरी, आणि नळ आला की हाताला लागेल ते भरून ठेवायचं म्हणून चहाची किटलीसुद्धा. नळ कधी येईल याचा काही नेम नसायचा. आला की गल्लीत हाकाटी व्हायची, माय परातीतली भाकरी अर्धी थापलेली सोडून बाहेर धावायची आणि मी मागोमाग पाइप घेऊन. वापरलेलं पाणी फेकायचं नाही हा घरातला पहिला कायदा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला. आजही माझ्या घरी कुणी अर्धा ग्लास पाणी बेसिनमध्ये ओतलं की माझं डोकं सणकतं. मुलगा म्हणतो, "आई, अर्धा ग्लास तर होता." त्याला काय सांगणार.

आम्ही मूळचे निलंग्याकडचे. अण्णांची जमीन तिकडंच होती. पण आमच्याकडं लेकरं अकरावीत गेली की आई लातूरला खोली करून राहते आणि बाप गावाकडं शेत बघत मागं थांबतो. घर असं मधोमध चिरलं जातं आणि याचं कुणालाच नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत तर खोलीखोलीतून अशाच नवऱ्याला गावी ठेवून आलेल्या आया आणि पुस्तकात तोंड घातलेली लेकरं होती. संध्याकाळी एका खिडकीतून रसायनशास्त्राची समीकरणं घोकल्याचा आवाज, दुसरीतून कुकरच्या शिट्या, आणि मध्येच वीज गेली की सगळ्या खोल्यांतून एकदम निघालेला "अरे!" अण्णा रविवारी एसटीनं यायचे. पिशवीत ज्वारीचं पीठ, वांगी, भुईमुगाच्या शेंगा, आजीनं कुटलेलं काळं तिखट आणि फडक्यात बांधलेले धपाटे. धपाट्यांचा वास अण्णांच्या आधी जिना चढून यायचा. जेवण झालं की अण्णा फरशीवर टॉवेल टाकून तासभर पडायचे आणि चारच्या गाडीनं परत जायचे.

माझा भाऊ बालाजी माझ्याहून दीड वर्षानं मोठा. मी त्याला दादा म्हणायची, तो मला कांते म्हणायचा. शिवकांता हे माझं पूर्ण नाव फक्त शाळेच्या हजेरीत आणि अण्णांच्या तोंडी असायचं. दादाला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकल-इंजिनिअरिंगला तेव्हा एकच प्रवेश परीक्षा होती. ती एकदा देऊन झाली होती, मार्क कमी पडले म्हणून तो पुन्हा बसत होता. त्याच वर्षी मी बारावीला. दादा मला फार आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तो तुम्हाला पहिल्यापासून लबाड वाटेल. तो तसा नव्हता. धपाट्याची कुरकुरीत कड तो मला काढून द्यायचा. खालच्या नळावरून भरलेल्या घागरी तोच वर आणायचा, "तुझी उंची खुंटंल" म्हणून मला उचलू द्यायचा नाही. मायची नक्कल अशी करायचा की मायसुद्धा पदर तोंडात धरून हसायची. घरात माझं बोलणं ऐकायला खरोखर वेळ असलेला माणूस तोच होता, आणि याच गोष्टीचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

आमच्याकडं कॉम्प्युटर आला तो नांदेडच्या मामाकडून. मामा दुरुस्तीचं काम करायचा. जुने सुटे भाग जोडून त्यानं एक डबा तयार केला आणि भाचा परीक्षेचे प्रश्न सोडवेल म्हणून लातूरला पाठवून दिला. प्रश्नांची सीडी आम्ही एकदा लावली. मग दादाच्या क्लासमधल्या कुणा मुलानं दुसरी सीडी दिली, आणि त्या डब्यातून एक अख्खं राज्यच निघालं. डोंगर, किल्ले, जादूगार, जंगलात भेटणारे हिरव्या तोंडाचे राक्षस, आणि या सगळ्यांतून हिंडणारा आपला एक शूर वीर. माय दुपारी कलंडली आणि वीज असली की आम्ही आवाज बंद करून खेळायला बसायचो. खेळात भेटणाऱ्या प्रत्येकाशी बोलता यायचं. तो काहीतरी म्हणायचा, खाली आपल्यासाठी तीनचार उत्तरं यायची, त्यातलं एक निवडायचं. सगळं इंग्रजीत. दादाचं इंग्रजी कच्चं, म्हणून मी शेजारी बसून अर्थ सांगायची. माझी नेमणूक झाली ती दुभाषी म्हणून.

थोडं पुढं गेलं की खेळ आपल्याला काही गुण बक्षीस द्यायचा. ते कशावर लावायचे ते आपण ठरवायचं. तलवारीवर, जादूवर, नाहीतर समोरच्याचं मन वळवण्याच्या कलेवर. दादा सगळे गुण तलवारीवर लावायचा. मन वळवण्याला त्यानं नाव ठेवलं होतं गोडीगुलाबी. "गोडीगुलाबीनं राक्षस मरतेत का कुठं?" असं म्हणून तो तलवार वाढवत गेला आणि एका पुलावर येऊन अडकला. पुलावर एक म्हातारा राखणदार बसलेला. गालावर कल्ले, मोठ्या मिशा, हुबेहूब आमच्या गावचे कोतवाल रामराव. आम्ही त्याला रामरावच म्हणायला लागलो. रामराव पुलाचं दार उघडायचे नाहीत. तलवार काढली तर मागून बाणांचा पाऊस पडायचा आणि आपला वीर मरायचा. दादा पुन्हापुन्हा मेला. शेवटी वैतागून माऊस माझ्यापुढं ढकलून म्हणाला, "घे बाई, तूच लाव तुझी गोडीगुलाबी."

मला ती कुठून येत होती ते सांगते. अण्णांना गावात भांडणं मिटवायला बोलवायचे. बांधाचा वाद असो, सोयरीक मोडायला आलेली असो, मध्यस्थ म्हणून अण्णा. मी लहान असताना त्यांचं बोट धरून जायची. अण्णा कुणाच्याही दारात गेले की आधी पाणी मागायचे, तहान असो नसो. मग त्या घरचं विचारायचे, म्हैस व्याली का, थोरली कुठं दिली, म्हातारीचे गुडघे कसे आहेत. कामाचं अवाक्षर काढायचे नाहीत. बोलत बोलत तो माणूसच शेवटी म्हणायचा, "बरं अण्णा, हितंच मिटवून टाकू की." घरी येताना मी विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही तर काहीच बोलला न्हाईत." ते म्हणाले, "शिवकांता, आपण सांगितलेलं माणूस इसरतंय. सोताच्या तोंडानं बोललेलं न्हाई इसरत."

तेव्हा मी पुढचे सगळे गुण गोडीगुलाबीवर लावले आणि रामरावांशी बोलायला गेले. दार उघडा असं म्हटलंच नाही. पाणी मिळेल का, असं एक साधं उत्तर तळाशी होतं, ज्याकडं दादानं कधी बघितलंही नव्हतं. ते निवडलं. रामरावांनी मशक पुढं केली. मग त्यांच्या गावचं विचारलं. ते सांगायला लागले की पुलापलीकडच्या गावात त्यांची लेक आहे, तिला बघून वर्षं झाली, पहारा सोडून जाता येत नाही. मी दादाला सगळं मराठीत सांगत होते. "बग, आता हेच म्हणतील बग, चला मी येतो तुमच्यासंगं." अजून एकदोन वाक्यांचं काम होतं. तेवढ्यात दादानं माऊस घेतला. उत्तरांमध्ये एक उत्तर होतं, त्याच्यापुढं कंसात लिहिलेलं होतं की हे खोटं आहे. उत्तर असं: तुमची लेक आजारी आहे, तिनं तुम्हाला बोलावलंय. दादानं ते दाबलं. रामराव ताडकन उठले, दार उघडलं आणि पहारा टाकून पळत सुटले.

"दादा! आजारी न्हाई ती!"

"मग काय झालं? दार उघडलं ना."

पुढं बरंच खेळून आम्ही त्या पुलावर परत आलो तेव्हा तिथं दुसराच राखणदार होता. रामराव कुठं आहेत विचारलं तर तो म्हणाला, पहारा सोडला म्हणून राजानं त्यांना फासावर दिलं. मला रडू आलं. दादा हसून लोळला. "अगं खेळ हाय त्यो, कांते! रामराव म्हणं!" पण नंतर खेळता खेळता तो मला विचारायला लागला. समोरच्याच्या घरचं आधी कामून विचारायचं? त्यालाच कसं बोलायला लावायचं? मी फुशारकीनं सांगत बसले. मोठा भाऊ आपल्याकडून काही शिकून घेतोय याचा मला काय आनंद झाला होता. अण्णांचं पाणी मागणंसुद्धा मीच सांगितलं. त्यानं काही दिवसांत तलवार बाजूला ठेवली आणि नुसत्या बोलण्यावर दोन किल्ले घेतले.

निकाल लागले. दादाचे मार्क पुन्हा कमी पडले. मला नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. अण्णा रविवारची वाट न बघता बुधवारीच आले, पेढे घेऊन, आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीलाही त्यांनी स्वतः जाऊन दिले. मामानं मला नांदेडला बोलावून घेतलं आणि स्कूटरवर बसवून कॉलेज दाखवलं. येताना धरणाकडून आणलं. मी त्या कठड्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. एवढं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वारा आला की ते सगळंच्या सगळं हलायचं. मामा म्हणाला, "काय बघायलीस? पाणी हाय." मी म्हटलं, "होस्टेलला नळाला रोज येत असंल का हो मामा?" तो हसला. म्हणाला, "दिवसभर येतंय, बाई." लोकांना कॉलेज म्हटलं की इमारत, पुस्तकं, नोकरी असलं काही दिसतं. मला दिसलं ते नळ सोडून त्याखाली बादली ठेवायची आणि भरेपर्यंत तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. परत येताना एसटीत लोहा गाव येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकवून त्या बादलीचाच विचार करत होते.

त्याच दिवसांत गावाकडं आजी न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मायला गावी जावं लागलं, आणि आता ती बरेच महिने परत येणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. दादाला तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची होती, लातूरलाच राहून. मी नांदेडला गेले की तो खोल्यांत एकटा. खानावळीचं जेवण त्याला पचायचं नाही, निदान तो तसं म्हणायचा. कॉलेजात हजर व्हायची तारीख जवळ आली होती. मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. दुपारची वेळ, वीज गेलेली. दादा आत येऊन उंबऱ्यावर बसला.

"कांते, पाणी दे गं."

मी तांब्या दिला. तो सावकाश प्यायला. मग म्हणाला, "मायचा निरोप आला का गं? आजीला जरा बसायला येतंय का?"

"न्हाई अजून."

"अण्णा लई थकलेत आता. त्या दिवशी जिना चढताना मधीच थांबलते, बघितलीस?"

मी बघितलं नव्हतं. पेढे घेऊन आलेले अण्णा मला पंचविशीतले वाटले होते. मला लाज वाटली की आपल्या लक्षातच आलं नाही.

"तुला काय वाटतंय," तो म्हणाला, "तू जाते म्हणलीस तर अण्णा न्हाई म्हणतील?"

"कधीच न्हाई म्हणणार."

"हाव. तेच तर. न्हाई म्हणणार न्हाईत. आतल्या आत कुढत बसतील." तो तांब्याच्या काठावरून बोट फिरवत होता. "मला बोलले ते. तुला सांगू नको म्हणले. तिकडं म्हातारी आडवी, हितं घर उघडं, पोरगी परगावी. म्हणले, पोरगी एवढी खुश हाय, तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणू. डोळ्यात पाणी आलतं त्यांच्या."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. बत्ता हातात तसाच राहिला.

"मी त्यांला सरळ सांगितलं," दादा म्हणाला, "कांता जाणार. तू जाच. माझी फिकीर करू नको. मी खाईन काहीबी."

"आणि मी नाही गेले तर?"

"येडी का तू? न्हाई न्हाई. जा तू."

तो जा जा म्हणत गेला आणि मी न जाण्याची एकेक सोय त्याला सांगत गेले. लातूरलाच बीएस्सीला नाव घालता येईल. एक वर्षाचाच प्रश्न आहे, पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मग पुढच्या साली मी सोता येईन तुला सोडायला. तुझी पेटी माझ्या डोक्यावर." मी म्हटलं, "तूच सांग अण्णांना." त्यानं तांब्या खाली ठेवला.

"मी सांगितलं तर त्यांला वाटंल मीच तुला अडवलं. आणि ते मला बोललेले तुला कळलं म्हणून शरमून जातील. तूच म्हण की, मला करमायचं न्हाई, मलाच जायचं न्हाई. म्हंजे त्यांच्या जिवाला लागणार न्हाई."

रविवारी अण्णा आले. मी वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी म्हणून टाकलं, "अण्णा, मला नांदेडला न्हाई जायचं." त्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नक्की?"

"हाव. मला होस्टेलवर न्हाई करमायचं."

"भ्या वाटायलंय का?"

दादा समोरच बसला होता. त्यानं मान खाली घातलेली. मी म्हटलं, "हाव, अण्णा." त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. मग म्हणाले, "बरं. तुझी मर्जी." त्या दिवशी ते टॉवेल टाकून पडले नाहीत. चारच्या ऐवजी आधीच्याच गाडीनं गेले. मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. मी खिडकीतून त्यांना गल्लीच्या वळणापर्यंत बघितलं आणि मग रडले, पण त्या रडण्यात थोडा अभिमानसुद्धा होता, की आपण आपल्या बापासाठी काहीतरी केलं.

पुढचं वर्ष मी भाकरी थापल्या. सकाळी दादाचा डबा, मग कॉलेज, दुपारी नळाची वाट, संध्याकाळी पुन्हा चूल. आमच्याकडं गॅस होता, पण माय चूलच म्हणायची आणि मीही. कॉम्प्युटरवर दादा एकटाच खेळायचा. मी शेजारी बसत नव्हते, वेळच नव्हता. परीक्षा मी पुन्हा दिली खरी, पण पाइपचं एक टोक ड्रममध्ये धरून दुसऱ्या हातात पुस्तक धरलं तर जेवढे मार्क पडतात तेवढेच पडले. दादाला तिसऱ्यांदाही मेडिकल मिळालं नाही. मिळालं ते विष्णुपुरीचं कॉलेज, आणि तेही कॉम्प्युटर. घरात सगळ्यांनी त्याला धीर दिला, की इंजिनिअरिंगही काही वाईट नाही. त्याच्यासोबत द्यायचे धपाटे मीच केले. मला हेवा वाटला, खूप वाटला, पण राग नाही आला. राग यायला काही कारण आहे हे मला माहीतच नव्हतं.

ते कळलं दिवाळीच्या आधी. गावाकडं घर सारवायला, झाडायला मी गेले होते. मागच्या खोलीत पोत्यांच्या आड एक पत्र्याची पेटी होती. हिरवी, कोरी, कुलपाची कडीसुद्धा चमकत होती. धूळ पुसली तर झाकणावर पांढऱ्या रंगानं पेंटरच्या हातचं लिहिलेलं: कु. शिवकांता, इंजिनिअरिंग कॉलेज, विष्णुपुरी. मी ती उघडली. आत एक नवी चादर, एक आरसा, आणि प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली लाल बादली आणि पाणी घ्यायचा मग.

मायला हाक मारली. तिनं दारातूनच बघितलं. "ती व्हय? तुझ्या अण्णांनी आणली ती निलंग्याच्या बाजारातून. एसटीत कंडक्टर घेईना, तर मांडीवर घेऊन बसले म्हणं. बादली मी घाला म्हणले."

"कधी आणली?"

"तू जाणार होतीस तवा. मग तूच न्हाई म्हणलीस."

"पण अण्णांनाच नको होतं ना माय, मी जायला?"

माय माझ्याकडं बघतच राहिली. "कोण म्हणलं? ते तर गावभर सांगत हिंडायलते. बालाजी खाईल खानावळीत, पोरीचं नुकसान कामून करायचं, असं म्हणले मला." मग तिनं आवाज उतरवला. "बालाजी आलता हितं मधी. त्योच म्हणला की तुला मनातून भ्या वाटायलंय, पण अण्णांच्या खुशीसाठी बोलून दाखवीत न्हाईस. तिला इचारू नका म्हणला, तीच सांगंल. अण्णा म्हणले, तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी न्हाई मानायचो. मग तू सांगितलंस. लई मनाला लावून घेतलं बग त्यांनी. पेटी हितं आणून टाकली ती टाकलीच."

मी पेटीच्या कडेवर बसले. मला आधी दादा आठवला नाही, रामराव आठवले. पाणी, घरची चौकशी, आजारी लेक, आणि उठून पळत सुटलेला म्हातारा. सगळं क्रमानं होतं. एकही पायरी चुकलेली नव्हती. माझीच विद्या, आणि माझ्याही आधी अण्णांची, आणि ती आम्हा दोघांवरच एकाच वेळी लावलेली. अण्णांनी आयुष्यभर ती लोकांची घरं सांधायला वापरली होती.

दादा सुट्टीला घरीच आला होता. ओसरीवर शेंगा फोडत बसलेला. मी पेटी ओढत त्याच्यापुढं नेली. त्यानं झाकणावरची अक्षरं वाचली, आणि एक क्षण त्याचा चेहरा खरोखर पडला. मी तो क्षण पाहिला आहे. नंतर त्यानं शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"मी तर तुला जा म्हणलो होतो, कांते. किती वेळा म्हणलो, आठव की. मी न्हाई गेले तर, असं कोण म्हणलं? तू का मी?"

शब्द माझेच होते. मला रडू फुटलं.

"आता रामरावापायी रडलीस तसं रडू नको," तो म्हणाला. हसत म्हणाला, नेहमीच्या त्याच आवाजात, ज्यात तो मला धपाट्याची कड द्यायचा. त्यानंतर आमच्यात पुष्कळ बोलणं झालं असेल, लग्नं झाली, लेकरं झाली, पण त्या हसण्याच्या पलीकडं मी कधी जाऊ शकले नाही.

मी शेतात गेले. अण्णा हरभऱ्यातलं तण काढत होते. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, दादानं काय सांगितलं ते, मी का न्हाई म्हटलं ते, मला भीती कधीच वाटली नव्हती ते. ते खुरपं चालवत राहिले. माझं संपल्यावर थांबले. हात मातीनं भरलेला होता, तो त्यांनी धोतराला पुसला.

"बालाजीच्या तोंडचं मी मानलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकलं, म्हणून मानलं गं."

मला वाटलं आता ते उठतील. घरी जाऊन त्याला समोर बसवतील, जगाचा न्याय करणारा माणूस आपल्या घरचा न्याय करेल. त्यांनी पुन्हा खुरपं हातात घेतलं. "त्याची आता परीक्षा हाय जवळ," ते म्हणाले. "मागनं बघू." ते मागनं कधी आलं नाही. अण्णा गेले, आणि त्यांनी दादाला या गोष्टीवरून एक शब्द विचारल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. दादानं मला फसवलं हे मी सांगू शकते, आज इथं सांगितलंही. पण हरभऱ्याच्या त्या वाफ्यात अण्णांनी जे केलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याचा राग दादाच्या रागापेक्षा मोठा आहे, एवढं मात्र खरं.

मी बीएस्सी झाले, शिक्षिका झाले. पेटी माझ्याकडं आहे, तिच्यात गोधड्या ठेवते. बादली फुटली. दादा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, पंचमीला, राखीला येतो. गाडीतून उतरतो, केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, दारातच चप्पल काढतो आणि सोफ्यावर बसायच्या आधी म्हणतो, "कांते, पाणी दे गं." मी देते. दारात आलेल्याला आमच्यात पाणी नाकारत नाहीत. तांब्या त्याच्या हातात दिला की मी समोर बसते आणि तो पिऊन संपवेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहते. एवढा लांबचा प्रवास करून आलेला माणूस आहे, घसा कोरडा पडलेला असणार. तरी दर वेळी मी वाट बघते, की आता हा कुणाच्या तब्येतीचं विचारेल. माझ्या सख्ख्या भावाला तहान लागली आहे की नाही, एवढंसुद्धा मला ओळखता येत नाही.